गाजराचा कौल

केल्विन पेंगेलीने बोल्स क्लबच्या वेबसाइटचं काम अंगावर घेतलं, कारण ते काम उलटून बोलत नव्हतं. आयुष्याची चौतीस वर्षं त्याने पोर्ट कॅरिकच्या धान्यकोठारावर वजनकाट्याशी बसून काढली होती, आणि गव्हाचा ट्रक घेऊन येणारा प्रत्येक शेतकरी काटा खोटा आहे असं त्याच्या तोंडावर सांगून गेला होता. निवृत्त झाल्यावर त्याला शांतता हवी होती. क्लबच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याने एकदा चिमट्याने ओढून काढला, तेवढ्या पुण्याईवर समितीने त्याला संगणकातला जाणकार ठरवलं आणि वेबसाइट त्याच्या गळ्यात घातली. त्यानेही ती खुशीने घालून घेतली.

वेबसाइटची पानं चार. एकावर बोल्सचे गोळे घरंगळवायच्या हिरवळीचा फोटो, दुसऱ्यावर सामन्यांच्या तारखा, तिसऱ्यावर निकाल, चौथ्यावर फोन नंबर. रविवारी सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून झाले की तो शनिवारचा निकाल चढवायचा आणि चहा घेऊन व्हरांड्यात बसायचा. कोणी काही म्हणायचं नाही. कोणी वाचतं की नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

हे सुख मोडलं क्लबच्या अध्यक्षबाईंनी. थेल्मा रॉस्किली आसपासच्या क्लबांच्या बैठकीला गेली होती, ती परत आली ती थेट केल्विनच्या फाटकाशी गाडी उभी करूनच.

"वारबीवाल्यांची साइट बोलते," ती म्हणाली. "आपली मुकी आहे."

"बोलते म्हणजे?"

"म्हणजे सभासद तिच्यावर लिहितात. निकालाखाली आपलं म्हणणं मांडतात. मतं देतात. तिथल्या ग्लेनिसने मला मोबाइलवर दाखवलं, आणि दाखवताना तोंड असं केलं होतं, जसा काही क्लब चंद्रावर काढलाय."

"थेल्मा, आपले सभासद त्रेचाळीस. आठवड्यातून दोनदा समोरासमोर भेटतात. जे बोलायचं ते बोलतातच की."

"ते हवेबद्दल बोलतात, केल्विन. फार झालं तर जाळ्यात सापडलेल्या खेकड्यांबद्दल. मनातलं कोण बोलतं?"

मनातलं कोणी बोलत नाही म्हणूनच हा क्लब सत्तर वर्षं टिकला, हे केल्विनच्या अगदी ओठावर आलं होतं. पण थेल्माशी वाद घालणं म्हणजे उन्हाळ्यात टिनाच्या छपरावर अनवाणी चालणं. तो "बघतो" म्हणाला, आणि तिथेच फसला.

पुढचे दोन आठवडे तो संगणकावर वेगवेगळ्या मुलांचे व्हिडिओ बघत बसला. ती सगळी इतक्या भरभर बोलायची की प्रत्येक वाक्य त्याला तीनदा ऐकावं लागे. पण माणूस चिवट होता. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी निकालांच्या खाली लिहायची जागा झाली, सूचनांचा फलक झाला आणि पहिल्या पानावर मतदानाची चौकट झाली. जो नाव घालेल त्याचं नाव दिसे, जो घालणार नाही त्याच्या जागी नुसतं "सभासद" उमटे. केल्विनने हात झटकले.

आठवडाभर एक अक्षर कोणी लिहिलं नाही. केल्विनला मनातून बरं वाटलं. थेल्माला वाटलं नाही. तिने गुरुवारी दुपारी क्लबात सगळ्यांना मोबाइल घेऊन बोलावलं आणि टेबलाटेबलाशी जाऊन शिकवलं. कुठे दाबायचं, कुठे लिहायचं, लिहिलेलं कसं पाठवायचं. अकरा जण शिकले आणि त्यांतले दोघं कामाला लागले.

पहिले क्लॅरी बोल्डर्सन. वय वर्षं चौऱ्याऐंशी, पूर्वी शर्यतीचे घोडे पाळायचे. निकालाखाली लिहिता येतं आणि जुन्या निकालाखालीही येतं, हे कळल्यावर ते चौदा वर्षं मागे गेले आणि तिथपासून एकेक सामना दुरुस्त करत पुढे यायला लागले. "मी हा सामना हरलो नाही, मला उचकी लागली होती." "या दिवशी पंच झोपला होता." रोज सकाळी केल्विनला सहा-सात दुरुस्त्या येऊन पडलेल्या दिसत.

दुसऱ्या मिसेस हॉकिंग. आयना हॉकिंग यांनी पोर्ट कॅरिकच्या शाळेत छत्तीस वर्षं तिसरी इयत्ता शिकवली होती. केल्विन त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षीही त्यांना पाहिलं की तो शर्ट आत खोचायचा. त्या साइटवर पत्र लिहायच्या. वर "प्रिय वेबसाइट, सप्रेम नमस्कार", खाली "आपली विश्वासू, आयना हॉकिंग", आणि मध्ये एक ओळ: "बायकांच्या खोलीतला नळ गळतो."

"बघ, चाललं की नाही!" थेल्मा म्हणाली. "आता मतदान घे. सगळे येतील."

"कशावर?"

"साधंच काहीतरी. भांडण नको."

"नव्या छत्र्यांचा रंग?"

"रंगावरून भांडणं होतात. माझी सख्खी बहीण पडद्यांच्या रंगावरून दोन वर्षं बोलली नव्हती." थेल्माने थोडा विचार केला. "खाण्याचं काहीतरी घे. खाण्यावरून कोण भांडतंय? शनिवारच्या पॅस्टीचं घे. गाजर हवं की नको."

पॅस्टी म्हणजे शनिवारचा प्राण. पणजोबांच्या काळात तांब्याच्या खाणीत कामाला म्हणून सातासमुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून माणसं आली, ती येताना हाच एक पदार्थ घेऊन आली: जाड पारीत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरायचा, करंजीसारखी कडेला मुरड घालायची आणि भट्टीत खरपूस भाजायची. त्यात गाजर घालणं हा पोर्ट कॅरिकमध्ये गुन्हा नव्हता, पण कोणी तो केल्याचंही ऐकिवात नव्हतं. ऐकिवात आलं ते बावीस वर्षांपूर्वी, व्हर्ना लिंडनर आपल्या नवऱ्याबरोबर द्राक्षांच्या मुलखातून इथे राहायला आली तेव्हा. तेव्हापासून दर शनिवारी चहाच्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन पराती भरून पॅस्ट्या यायच्या. डावीकडची परात मिसेस हॉकिंगची, तीस नग, बिनगाजराच्या. उजवीकडची व्हर्नाची, तीस नग, गाजराच्या. लोक दोन्हींतल्या घ्यायचे, दोघींना "छान झाल्यात" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. बावीस वर्षांत एका माणसाने यावर एक शब्द काढला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे सगळं केल्विनला दिसत होतं. पण त्याला असंही वाटलं, की इतक्या वर्षांनी कोणाला काय वाटणार आहे. त्याने चौकटीत लिहिलं: "पॅस्टीत गाजर: हवं / नको." आणि बटण दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी चार मतं पडली. दुसऱ्या दिवशी सत्तावन्न. केल्विनने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सभासद त्रेचाळीस, त्यांतल्या सहा जणांकडे मोबाइलच नाही. गुरुवारपर्यंत मतं तीनशेच्या वर गेली, आणि गंमत अशी की दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. एका माणसाने एकदाच मत द्यावं अशी काहीतरी सोय व्हिडिओतल्या मुलाने सांगितली होती खरी, पण तेवढ्यात केल्विनच्या दारात पाववाला आला होता.

मतांच्या खाली लोक लिहायला लागले. हवेबद्दल बोलणारी माणसं ती, पण समोर माणूस नसला की जीभ कशी सुटते ते केल्विनने तेव्हा पाहिलं. "माझ्या आजीने हे बघितलं असतं तर ती पुन्हा जहाजात बसली असती." "गोड खायचं असेल तर केक आहे." "बावीस वर्षं गप्प बसलो, आता बोलतो." मिसेस हॉकिंगनीही पत्र टाकलं: "प्रिय वेबसाइट, सप्रेम नमस्कार. मला या विषयावर काही म्हणायचं नाही. आपली विश्वासू." आणि सगळ्यांच्या खाली, नाव न घालता, कोणी एका सभासदाने लिहिलं: "गाजर घोड्यांसाठी असतं."

शनिवारी व्हर्ना लिंडनर नेहमीच्या वेळी आली. तिने खिडकीत दुकानातल्या बिस्किटांचे दोन पुडे ठेवले, पुडे कात्रीने नीट कापले, बिस्किटं थाळीत गोल मांडली आणि खेळायला गेली. ती कोणाशी वाकडं बोलली नाही. हसलीसुद्धा. चहाच्या वेळी उजवी परात नव्हती आणि तीस पॅस्ट्यांवर चाळीस माणसं होती. क्लॅरी रांगेत शेवटचे उभे होते, त्यांच्या वाट्याला बिस्कीट आलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात ठेवलं.

पुढच्या शनिवारी मिसेस हॉकिंगनी एकटीने साठ पॅस्ट्या करायचा घाट घातला. वय एकोणऐंशी. अठ्ठेचाळिसाव्या पॅस्टीची मुरड घालताना त्यांचं मनगट सुजलं. डॉक्टरने पट्टी बांधली आणि तीन आठवडे कणकेला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.

म्हणजे आता दोन्ही पराती गेल्या. आणि येणाऱ्या शनिवारी वारबीचा संघ येणार होता. वारबीवाले दर वर्षी यायचे ते बोल्ससाठी असं फक्त त्यांच्या बायकांना वाटत असे.

केल्विन थेल्माच्या घरी गेला. "मी ते मतदान काढून टाकतो. तीनशे सहा विरुद्ध तीनशे पाच. एवढी माणसं या गावात मतदार यादीतसुद्धा नसतील."

थेल्माने खिडकीचा पडदा सारखा केला. मग म्हणाली, "त्यातली बरीचशी माझी आहेत."

"तुझी?"

"जी बाजू मागे पडायची तिला मी मत घालायचे. कोणाला वाईट वाटू नये म्हणून. सकाळी उठून बघायचे, पुन्हा रात्री जेवणाआधी. अंगठा दुखायला लागला माझा."

केल्विनने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेल्मा रॉस्किली त्याला ओशाळलेली दिसत होती.

वाटेत क्लॅरी भेटले. केल्विनने सहज विचारलं, "ते घोड्यांचं कोणी लिहिलं असेल हो?"

"मीच," क्लॅरी म्हणाले. "का?"

"क्लॅरी, व्हर्ना त्यावरून दुखावली गेली."

"त्यात दुखावण्यासारखं काय आहे? सलगम दिलास तर घोडा तोंड फिरवतो. गाजर म्हटलं की कुंपण मोडून येईल. घोड्याएवढी चोखंदळ जात नाही. मी तिची तारीफ केली होती." त्यांनी डोळे बारीक केले. "नाव घालायचं राहिलं. ती खालची चौकट मला दिसत नाही."

केल्विन तसाच व्हर्नाकडे गेला. ती मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला पाणी घालत होती. त्याने क्लॅरीचं सांगितलं, मतदानाचं सांगितलं, माफी मागितली. व्हर्नाने शांतपणे नळ बंद केला.

"ये आत," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या कपाटातून तिने एक डबा काढला आणि डब्यातून एक पिवळं पडलेलं कार्ड. त्यावर पॅस्टीची कृती होती. केल्विनने पहिली ओळ वाचली आणि नकळत ताठ बसला. ते अक्षर त्याने वर्षभर फळ्यावर पाहिलं होतं. मांस, बटाटे, कांदे, सलगम, मीठ, मिरपूड, आणि शेवटची ओळ: दोन मोठी गाजरं, किसून.

"हे मिसेस हॉकिंगचं अक्षर आहे," तो म्हणाला.

"मी इथे आले त्याच आठवड्यात त्यांच्याकडे कृती मागितली होती. त्यांनी लगेच लिहून दिली. मला वाटलं, किती भली बाई."

केल्विनने कार्ड उलटून पाहिलं. "मी हे साइटवर टाकू? म्हणजे सगळ्यांना कळेल."

"टाकायचं असतं तर मीच टाकलं असतं. मला येतं. थेल्माच्या वर्गात सगळ्यात आधी मलाच जमलं होतं." तिने कार्ड परत डब्यात ठेवलं. "तू पाणी पिऊन जा. उन्हातून आलायस."

आता राहिल्या मिसेस हॉकिंग. त्यांच्या दारात उभं राहून केल्विनने शर्ट खोचला. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून त्या खुर्चीत बसल्या होत्या. त्याने इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. पण तिसरी इयत्ता छत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईंपुढे घोळ घालून उपयोग नसतो.

"तुझ्या तोंडावर दिसतंय, केल्विन. तिने कार्ड दाखवलं."

"हो."

"जपून ठेवलंय?"

"डब्यात आहे."

त्यांनी उशीवरचा हात जरा सरकवला. मग म्हणाल्या, "माझ्या आईची कृती होती ती. तिच्या आईची. आणि ही बाई गावात येऊन चार दिवस झाले नाहीत तोच मागायला उभी. पहिल्याच आठवड्यात कोणी मागतं का? निदान एक हिवाळा तरी जाऊ द्यावा. मी म्हटलं, घे, घाल गाजर. एकदा करेल, लोक नाकं मुरडतील, मग येईल विचारत, काय चुकलं म्हणून. तेव्हा खरी सांगेन. शिक्षा म्हणून नाही रे. जरा ताटकळावं एवढंच."

"मग?"

"मग लोकांनी खाल्ल्या." त्यांच्या आवाजात बावीस वर्षांच्या अपेक्षाभंगाची चीड होती. "क्लॅरीने दोन घेतल्या. ती कधी विचारायला आलीच नाही. आणि ती आल्याशिवाय मी काय सांगणार? दर शनिवारी शेजारी परात मांडायचे. आधी एक वर्ष गेलं, मग दहा गेली. मी तिची पॅस्टी कधी तोंडात घातली नाही. हिंमतच झाली नाही."

केल्विन जायला उठला तेव्हा त्या म्हणाल्या, "ते साइटवर डाव्या हाताने लिहिता येतं का?"

"येतं. एकेक अक्षर दाबायचं."

"वेळ लागेल मला."

लागला. बुधवारी दुपारी ते पत्र साइटवर आलं. "प्रिय वेबसाइट, सप्रेम नमस्कार. मिसेस लिंडनर यांच्या पॅस्टीत गाजर आहे, कारण त्यांना कृती मी दिली आणि गाजर मी घातलं. ते मी मुद्दाम केलं. तेव्हा ज्यांना काही बोलायचं असेल त्यांनी मला बोलावं. माझा हात बांधलेला आहे, पण कान शाबूत आहेत. आपली विश्वासू, आयना हॉकिंग."

ते पत्र वाचून केल्विन तासभर संगणकासमोरून उठला नाही. खाली कोणी काही लिहीना. पण पान किती वेळा उघडलं गेलं ते दाखवणारा, या नव्या सोयींबरोबर आलेला आकडा मात्र सरकत होता. सगळं गाव ते पान उघडून दाराआडून बघितल्यासारखं बघत होतं. तीन वाजता एक ओळ आली, नावासकट.

"मला दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं. मी तुमची खाऊन पाहिली. मला गाजराची जास्त आवडली. व्हर्ना."

त्याखाली एकदम नऊ जणांनी लिहिलं आणि एकालाही काय लिहावं ते कळलेलं नव्हतं. कोणी "वा" लिहिलं. कोणी खेकड्यांचं काय झालं ते विचारलं.

शुक्रवारी सकाळी व्हर्नाची गाडी मिसेस हॉकिंगच्या दारात उभी असलेली केल्विनने पाहिली. ती दुपारीही तिथेच होती. आत काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. नंतर त्याला एवढंच समजलं की पारी लाटली व्हर्नाने, मुरड घातली व्हर्नाने, आणि मिसेस हॉकिंग खुर्चीत बसून "जाड झाली", "कड दाब", "अजून दाब" असं सहा तास सांगत होत्या.

शनिवारी खिडकीत दोन पराती आल्या. वारबीचा संघ अर्धा सामना टाकून रांगेत येऊन उभा राहिला. ग्लेनिसने थेल्माला विचारलं, तुमच्या साइटवर एवढं कसं काय लिहितात लोक, आमच्याकडे नुसत्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. थेल्मा म्हणाली, "आमचे सभासद मोकळे आहेत." आणि अंगठा चोळत पुढे गेली.

पोर्ट कॅरिक तो सामना सपाटून हरलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर केल्विन स्वयंपाकघरात पराती पुसायला थांबला. व्हर्ना भांडी धूत होती. मिसेस हॉकिंग स्टुलावर बसल्या होत्या. उजव्या परातीत एक पॅस्टी उरली होती. व्हर्नाने ती सुरीने मधोमध कापली आणि अर्धी बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवली.

मिसेस हॉकिंगनी डाव्या हाताने काटा धरला. एक घास घेतला. बराच वेळ चावला. केल्विन पुसलेलीच परात पुन्हा पुसत राहिला.

"गोड लागतंय," त्या म्हणाल्या.

"लागणारच. गाजर आहे."

"मीठ जरा वाढवायला हवं होतं."

"कार्डावर आहे तेवढंच घालते मी," व्हर्ना म्हणाली.

मिसेस हॉकिंगनी उरलेली अर्धीसुद्धा संपवली. मग पर्समधून चष्मा काढला, पेन काढलं आणि ते व्हर्नाकडे सरकवलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "मला धरता येत नाही. सलगम किसायचा नाही, चिरायचा. आधी ते लिही."

व्हर्नाने ओले हात टॉवेलला पुसले आणि ती कागद शोधायला लागली. केल्विनच्या खिशात सामन्याच्या निकालाचा कागद होता. मागची बाजू कोरी होती. त्याने तो तिला दिला.